डॅन्यूबकाठच्या सायकल सहलीआधी पासाउ कसे पाहावे

पासाउ ते व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारा ३०० किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा सायकलमार्ग युरोपातील सर्वांत लोकप्रिय मार्गांपैकी एक आहे, आणि गटाने सायकल चालवणाऱ्या बहुतेक सहली जर्मनीच्या आग्नेय टोकावरील याच लहान शहरातून सुरू होतात. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या दिवसापुढे सहसा ‘पासाउ येथे आगमन, सायंकाळी परिचय बैठक’ एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे अनेक जण दुपारी चारला स्टेशनवर उतरतात, सायकल ताब्यात घेतात, जेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शहर सोडतात. पासाउसारखे शहर असे हातचे घालवणे योग्य नव्हे. उलट, मिळालेल्या वेळात सर्व काही पाहण्याच्या हट्टाने पाय थकवून घेणेही तितकेच चुकीचे आहे. सहलीच्या आधी दोन रात्री पासाउमध्ये राहावे, चढाची ठिकाणे मधल्या दिवसाच्या सकाळी उरकावीत आणि त्या दिवसाची दुपार सपाटीवर घालवावी, ही आखणी मला सर्वांत सोयीची वाटते. पुढील मार्गदर्शन त्याच आखणीला धरून आहे.

तयारीची सुरुवात व्हिसापासून होते. सहल जर्मनीत सुरू होत असली तरी तिच्या बहुतेक रात्री ऑस्ट्रियात जातात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसासाठी, ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. त्यामुळे पासाउच्या दोन रात्री आणि पुढे व्हिएन्नापर्यंतचे सर्व मुक्काम ऑस्ट्रियात, असा कार्यक्रम असल्यास अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागतो. विमान म्युनिकला उतरते म्हणून जर्मनीकडे अर्ज करायचा, असा अनेकांचा समज असतो, पण तो बरोबर नाही. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. सायकलवरून पडल्यास होणारा खर्च त्यात धरला आहे की नाही, हे विम्याच्या कागदात वाचून घ्यावे, कारण काही पॉलिसी साहसी खेळांच्या यादीत सायकलिंगही घालतात.

म्युनिक विमानतळावरून पासाउला जाण्यासाठी म्युनिक शहरात शिरण्याची गरज नाही. विमानतळावरून लांड्सहूटला जाणारी प्रादेशिक गाडी घ्यावी आणि तेथे म्युनिकहून पासाउकडे जाणारी गाडी पकडावी. फ्रँकफर्टला उतरणाऱ्यांना व्हिएन्नाकडे जाणाऱ्या वेगवान गाड्या सोयीच्या पडतात, कारण त्या वाटेत पासाउला थांबतात. गटाने प्रवास करणाऱ्यांना बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातील गाड्यांचे एका दिवसाचे तिकीट, स्वस्त पडते. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो, मात्र ते फक्त प्रादेशिक गाड्यांत चालते आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी वापरता येत नाही. उन्हाळ्यात भारतातील आणि तेथील वेळेत साडेतीन तासांचा फरक असतो. तो फार नसला तरी रात्रभराच्या विमानप्रवासानंतर पहिल्या संध्याकाळी आठ वाजता डोळे मिटू लागतात. जून-जुलैमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे थोडे रेटून जागे राहिल्यास ती संध्याकाळ उजेडातच हाती लागते.

पासाउचे जुने शहर म्हणजे डॅन्यूब आणि इन या दोन नद्यांच्या मधोमध निमुळती होत गेलेली जमिनीची पट्टी आहे. उत्तरेकडून डॅन्यूब, दक्षिणेकडून इन येते आणि पट्टीच्या टोकाशी उत्तरेच्याच बाजूने इल्झ नावाची तिसरी लहान नदी डॅन्यूबला मिळते. या रचनेमुळे येथे वाट चुकणे अवघड आहे. कोणत्याही गल्लीतून डावीकडे किंवा उजवीकडे चालत राहिले की नदी लागते, आणि नदीच्या प्रवाहाबरोबर गेले की टोक. पहिल्या संध्याकाळी हॉटेलात सामान टाकून थेट या टोकापर्यंत, ओर्टस्पिट्झेपर्यंत, चालत जावे. स्टेशनपासून हे अंतर दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि रस्ता सपाट आहे. जुन्या शहरातील फरसबंदी मात्र खडबडीत दगडांची असल्यामुळे चाकांची बॅग ओढत नेणे त्रासाचे होते, म्हणून हॉटेल फार आत असेल तर टॅक्सी करावी.

ओर्टस्पिट्झेला उभे राहून काय पाहायचे, हे आधी ठाऊक असले पाहिजे, नाहीतर तो नदीकाठचा एक साधा बगीचाच वाटतो. इल्झचे पाणी बव्हेरियन अरण्यातील दलदलीच्या जमिनीतून येते, त्यामुळे ते काळपट दिसते. इन स्वित्झर्लंडमध्ये उगम पावून आल्प्समधून येते. हिमनद्यांनी झिजवलेल्या खडकांची बारीक भुकटी तिच्या पाण्यात असते, म्हणून ते दुधाळ हिरवट दिसते. डॅन्यूब यांच्या मधल्या रंगाची, कधी निळसर तर पावसानंतर सरळ तपकिरी. तिन्ही पाणी एकत्र आल्यावर काही अंतर आपापला रंग सांभाळून शेजारी शेजारी वाहते. इन या ठिकाणी डॅन्यूबपेक्षा उथळ आहे, पण वर्षाच्या सरासरीने तिच्यातून डॅन्यूबहून अधिक पाणी येते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, आल्प्समधील बर्फ वितळत असताना, तिचा हिरवट पट्टा डॅन्यूबला चक्क एका बाजूला रेटताना दिसतो. मग पुढच्या नदीला इन न म्हणता डॅन्यूब का म्हणावे, असा प्रश्न पासाउकर गमतीने विचारतात आणि पाहुण्यालाही तो पडतो. डॅन्यूब या बिंदूपर्यंत अधिक लांबून आलेली असते, हे त्याचे नेहमीचे उत्तर.

परतताना डॅन्यूबच्या काठाने नगरभवनापर्यंत यावे. त्याच्या मनोऱ्याखालच्या भिंतीवर पुरांच्या पातळ्यांच्या खुणा कोरलेल्या आहेत. त्यांच्यासमोर उभे राहून मान वर करावी लागते. सर्वांत वरची खूण १५०१ सालच्या पुराची आहे आणि तिच्या खालोखाल जून २०१३ ची, जेव्हा पाणी १२.८९ मीटरवर पोहोचले आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांतून होड्या फिरल्या. काठावरच्या घरांच्या तळमजल्यावर राहती खोली अभावानेच का दिसते, याचा उलगडा या भिंतीपाशी होतो. पुढचे सात दिवस ज्या नदीच्या सोबतीने जायचे आहे तिचा स्वभाव कळण्यासाठी कोणत्याही संग्रहालयापेक्षा ही भिंत मला अधिक उपयोगी वाटते.

मधल्या दिवसाची सकाळ फेस्ट ओबरहाउस या किल्ल्यासाठी राखून ठेवावी. डॅन्यूब आणि इल्झ यांच्या मधल्या डोंगरसोंडेवर हा किल्ला १२१९ मध्ये बिशप उलरिख दुसरा याने बांधायला घेतला. बिशपला किल्ला कशाला लागतो, असे वाटू शकते. पासाउचे बिशप केवळ धर्मगुरू नव्हते, तर शहराचे राज्यकर्तेही होते. मिठाच्या व्यापारावर त्यांची तिजोरी भरत असे, आणि स्वतःचा कारभार हवा म्हणून शहरातील व्यापाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध वेळोवेळी उठाव केले. त्यामुळे हा किल्ला बाहेरच्या शत्रूइतकाच खालच्या शहरावर वचक ठेवण्यासाठी होता, हे त्याच्या तटावरून खाली पाहिल्यावर लगेच लक्षात येते. ही सत्ता १८०३ पर्यंत टिकली, आणि नंतर शहर बव्हेरियाकडे गेले.

किल्ल्यावर जाण्यासाठी डॅन्यूबवरील झुलता पूल ओलांडून पायऱ्यांची वाट आहे. सह्याद्रीतील गड चढणाऱ्याला ती किरकोळ वाटेल आणि नेमका हाच धोका आहे. दुसऱ्या दिवशी ४० ते ५० किलोमीटर सायकल चालवायची असताना गुडघ्यांना विनाकारण कामाला लावू नये. हंगामात नगरभवनाच्या चौकातून वर जाणारी बस असते, तिने वर जावे आणि उतरताना पायऱ्यांऐवजी सौम्य उताराचा रस्ता धरावा. वर बाटेरी लिंडे नावाची निरीक्षणाची जागा आहे, जेथून तिन्ही नद्यांचे रंग आणि त्यांच्यात अडकलेले शहर एका नजरेत येते. फोटो येथूनच काढावेत. सकाळी उन्हाची दिशा अडचणीची असते आणि शरद ऋतूत तर दहापर्यंत दरी धुक्यात बुडालेली असते, पण दुपारी पुन्हा वर येण्याइतका तो फोटो मोलाचा नाही. किल्ल्यातील संग्रहालय हिवाळ्यात बंद असते. गटातील ज्यांना इतिहासात रस आहे त्यांनीच तिकीट काढावे, बाकीच्यांनी तटावर बसून घ्यावे.

साडेअकरापर्यंत खाली येऊन सेंट स्टीफनचे कॅथेड्रल गाठावे. मे ते ऑक्टोबर या काळात कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता येथे सुमारे अर्ध्या तासाचे ऑर्गनवादन होत आले आहे. त्यासाठी मोजक्या युरोंचे तिकीट असते आणि वादनाआधी नुसते बघायला येणाऱ्यांसाठी चर्च काही वेळ बंद ठेवले जाते. ऑर्गनच्या दुरुस्तीमुळे वेळापत्रक बदलू शकते, म्हणून आदल्या संध्याकाळीच दारावरचा फलक वाचून ठेवावा. या ऑर्गनमध्ये १७,९७४ नळ्या आणि २३३ रजिस्टर, म्हणजे वेगवेगळ्या नादाचे नळ्यांचे संच, आहेत, आणि जगातील सर्वांत मोठ्या ऑर्गनांपैकी तो एक गणला जातो. तो एकाच जागी नसून पाच वेगवेगळे ऑर्गन चर्चमध्ये विखुरलेले आहेत आणि मुख्य कळपट्टीवरून ते सर्व एकत्र वाजवता येतात. त्यामुळे पुढच्या रांगेत बसण्याची धडपड करू नये. मध्यभागी बसल्यास सूर मागून, पुढून आणि वरूनही येतात. खर्जातला सूर लागला की बसलेल्या बाकाचे लाकूड थरथरते आणि तो सूर कानांच्या आधी पाठीला कळतो.

वादन संपल्यावर सर्व जण दाराकडे जातात, तेव्हा दहा मिनिटे थांबून वर पाहावे. १६६२ मध्ये लागलेल्या आगीत शहराचा बहुतेक भाग आणि जुने कॅथेड्रल जळून गेले. नंतर कार्लो लुरागो या इटालियन वास्तुकाराच्या आराखड्यानुसार १६६८ पासून नवी बांधणी झाली, आतले गिलाव्याचे नक्षीकाम जोव्हान्नी बाट्टिस्टा कार्लोने याने केले आणि छतावरची चित्रे कार्पोफोरो टेंकाल्ला याने रंगवली. आल्प्सच्या उत्तरेकडील हे शहर इटालियन का वाटते, त्याचे कारण हे कारागीर आहेत. आगीतून वाचलेला जुना गॉथिक भाग पाहायचा असेल तर बाहेर पडून चर्चला वळसा घालावा आणि मागच्या रेसिडेन्झप्लाट्झ चौकातून पूर्वेची बाजू पाहावी. पांढऱ्या बरोक इमारतीला मागून उंच, टोकदार खिडक्यांचे वेगळेच शरीर जोडल्यासारखे दिसते. व्हिएन्नाला पोहोचल्यावर तेथील प्रसिद्ध कॅथेड्रलही सेंट स्टीफनच्याच नावाचे आहे, हे लक्षात ठेवावे. १४६९ मध्ये व्हिएन्नाचा स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत ते शहर पासाउच्या धर्मप्रांतात होते आणि तेथील चर्चला संताचे नावही पासाउवरूनच मिळाले. सहलीची दोन टोके अशी जुनी जोडलेली आहेत.

रेसिडेन्झप्लाट्झमधील कारंजे १९०३ चे आहे. त्याच्यावर मेरीची मूर्ती आहे, पण पाहायच्या त्या तिच्या खालच्या तीन बालमूर्ती. गव्हाच्या ओंब्या ल्यायलेली मूर्ती सुपीक खोऱ्यातून येणाऱ्या डॅन्यूबची, आल्प्समधील टिरोल प्रांताची टोपी घातलेली इनची, आणि केसांत मोती माळलेली इल्झची, कारण इल्झच्या शिंपल्यांत एके काळी मोती सापडत. गटाने भेटण्यासाठी हे कारंजे उत्तम जागा आहे. सावली मिळते, आजूबाजूला बसायला जागा असते आणि कोणालाही विचारले तरी ती सापडते.

गटाबद्दल एक गोष्ट येथेच सांगणे योग्य ठरेल. बारा-पंधरा जणांनी एकत्र शहर पाहणे म्हणजे प्रत्येक दुकानापाशी कोणाची तरी वाट पाहणे होय. सकाळचा किल्ला आणि दुपारचे ऑर्गनवादन एवढेच सर्वांनी मिळून करावे आणि दीडनंतर आवडीप्रमाणे तिघा-चौघांच्या तुकड्या कराव्यात. ‘आलोच आहोत तर साल्झबुर्गही करून टाकू’ असे म्हणणारा एक तरी सदस्य प्रत्येक गटात असतो. त्याला या टप्प्यावर प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणावे. आगगाडीने जाऊन येऊन चार तासांहून अधिक वेळ जातो आणि सायकल ताब्यात घेण्याची वेळ हुकते.

दुपारसाठी पर्याय भरपूर आहेत, त्यांपैकी एकच निवडावा. काचकामाची आवड असणाऱ्यांनी नगरभवनाजवळचे काच संग्रहालय पाहावे. बोहेमियन काचेच्या हजारो वस्तू तेथे आहेत आणि त्याचे उद्घाटन १९८५ मध्ये चंद्रवीर नील आर्मस्ट्राँग यांच्या हस्ते झाले होते. ज्यांना दगडमातीचा इतिहास हवा त्यांनी इन ओलांडून बोयोट्रो या रोमन छावणीच्या जागेवरील संग्रहालयात जावे, मात्र ते सोमवारी बंद असते. अगदीच थकलेल्यांसाठी नगरभवनासमोरच्या धक्क्यावरून तिन्ही नद्या दाखवणारी पाऊण तासाची बोटफेरी आहे. शांत जागा हवी असेल तर निडर्नबुर्ग मठाच्या चर्चमध्ये हंगेरीची पहिली राणी गिझेला हिची समाधी आहे. हंगेरीहून आलेले यात्रेकरू तिच्यावर लाल-पांढऱ्या-हिरव्या फिती वाहून जातात. जवळच्या होल्गासे गल्लीत चित्रकारांची दुकाने आहेत आणि जमिनीवरच्या फरशा रंगवलेल्या आहेत. ती गल्ली पाच मिनिटांत पाहून होते.

मारियाहिल्फच्या टेकडीबद्दल मात्र सावध करणे आवश्यक आहे. इनच्या पलीकडे असलेल्या या यात्रास्थळी जाण्यासाठी छप्पर असलेला ३२१ पायऱ्यांचा जिना आहे आणि श्रद्धाळू भाविक एकेका पायरीवर प्रार्थना म्हणत तो चढतात. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हा सम्राट लिओपोल्ड पहिला पळून पासाउला आला होता आणि त्याने येथे प्रार्थना केली. त्या युद्धात ‘मारिया हिल्फ’ हीच रणघोषणा झाली. ठिकाण निःसंशय पाहण्यासारखे आहे, परंतु किल्ला आणि हा जिना एकाच दिवशी करू नयेत. उतरताना मांड्यांवर येणारा ताण दुसऱ्या दिवशी पायडल मारताना जाणवतो. ज्याला किल्ल्यापेक्षा देवस्थान प्रिय आहे, त्याने सकाळी किल्ल्याऐवजी येथे यावे.

खाण्यापिण्याची सोय करताना रविवार लक्षात ठेवावा. जर्मनीत रविवारी किराणा आणि कपड्यांची दुकाने बंद असतात, म्हणून सुका मेवा, केळी, सनस्क्रीन किंवा विसरलेले मोजे शनिवारीच घ्यावेत. उपाहारगृहांची स्वयंपाकघरे रात्री नऊच्या सुमारास बंद होऊ लागतात. शाकाहारी लोकांची केझश्पेत्झले (चीज घातलेल्या अंड्याच्या शेवया), मशरूमच्या रश्श्यातील क्नोडेल (पावाचे उकडलेले गोळे) आणि ब्रेत्झेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) यांवर उत्तम सोय होते, पण बटाट्याच्या सॅलडमध्ये आणि चीजच्या पदार्थांतही ‘श्पेक’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, असू शकतात, तेव्हा मागवताना स्पष्ट विचारावे. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंटची अनामत असते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की ती परत मिळते.

चार-पाचच्या सुमारास सायकल ताब्यात मिळते, आणि शहर पाहण्याच्या नादात हे काम घाईने उरकले जाते. सीटची उंची सर्वांत आधी पाहावी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग ब्रेक तपासावेत. तेथील बऱ्याच भाड्याच्या सायकलींना पायडल उलटे फिरवल्यावर लागणारा ब्रेक असतो. आपल्याला थांबताना पायडल सहज मागे फिरवण्याची सवय असते, आणि चौकात तसे केल्यावर सायकल एकदम जागीच थांबते. असा ब्रेक नको असल्यास तसे आरक्षणाच्या वेळीच कळवावे. हाताच्या ब्रेकांपैकी डावा पुढच्या चाकाचा असण्याची तेथे पद्धत आहे, तो आपल्या सवयीच्या उलट असू शकतो. विजेच्या सायकलीची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होते, त्यापुढे स्वतःच्या पायांनीच जावे लागते.

यानंतर पंधरा-वीस मिनिटे नदीकाठच्या सायकलमार्गावर, उजव्या बाजूने चालवण्याची सवय करत, एक फेरी मारावी. पादचारी भागात मात्र उतरून सायकल हातात धरून चालावे, तेथे पोलीस हटकतात. सायंकाळच्या बैठकीत सहलप्रमुखाला पहिल्या टप्प्याचा काठ विचारून घ्यावा. पासाउनंतर काही किलोमीटरांतच उजवा काठ ऑस्ट्रियात जातो आणि डावा काठ योखेनश्टाइनच्या जलविद्युत प्रकल्पापर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, जर्मनीत राहतो. त्या प्रकल्पाच्या बांधावरून सायकलसह पलीकडे जाता येते, त्यामुळे डाव्या काठाने निघूनही एंगेल्सझेल मठाचे चर्च पाहता येते. पासपोर्ट मोठ्या सामानात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवावा, कारण सीमेवर तपासणी होऊ शकते आणि मोठे सामान सकाळी आठ-नऊच्या सुमारास हॉटेलच्या स्वागतकक्षातून गाडीने पुढच्या मुक्कामाला निघून गेलेले असते.